जोमाबाबाची मिटलेली मूठ

बसा. पुढच्यांनी थोडं सरकून घ्या, मागच्यांनाही बांधावर टेकू द्या. तोंड मात्र खाडीकडे ठेवा. आमच्या तिवरपाड्यात खाडीकडे पाठ करून कुणी बसत नाही. का, ते गोष्ट संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा इथे पूल नव्हता, सडक नव्हती. एका अंगाला खाडी, एका अंगाला भातशेती आणि मधे हा मातीचा बांध. खाडीचं पाणी खारं, शेतातलं गोडं. दोघांची गाठ पडू नये म्हणून आमच्या वाडवडिलांनी तांबड्या मातीच्या चिखलाचे गोळे हातोहात देऊन हा बांध घातला. बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे पावसाचं जादा पाणी बाहेर जातं. भरतीला मिटायची, म्हणजे खाडी आत येत नाही. उघाडीपाशी शेंदूर फासलेला एक दगड होता, ती आमची खारजाई. तिला तेव्हाही देऊळ नव्हतं, आजही नाही. तिला समोर पाणी दिसत राहिलं पाहिजे, असं म्हणतात.

या बांधाचा राखणदार होता जोमा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तो अनवाणी सगळा बांध चालून यायचा. त्याच्या तळव्यांना डोळे होते, असं म्हणतात. माती कुठे पोकळ आहे, कुठे ओल धरते आहे, ते त्याला पाय टेकल्याबरोबर कळायचं. बांधाचा खरा वैरी उधाण नव्हे, तर चिंबोरी. म्हणजे खाडीतला खेकडा हो, तुम्ही ताटात बघता तोच. तो बांधात बीळ करतो, बिळात पाणी शिरतं, पाणी वाट मोठी करतं आणि एके दिवशी बांध बसतो. म्हणून गावात लहान पोरालाही एक गोष्ट शिकवलेली असे : बीळ दिसलं तर तोंडातला घास खाली ठेव, आधी बीळ बुजव. जोमानं उभ्या जन्मात शेकडो बिळं बुजवली. एक नाही बुजवलं. त्या एकाची ही गोष्ट आहे.

जोमाची बायको पदी आणि त्यांची एकुलती एक मुलगी मथी. मथी सहा वर्षांची होती. त्या वर्षी वैशाखात तिला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज नको, भात नको, गूळसुद्धा नको. पोरीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "बाबा, चिंबोरीचं कालवन पायजे."

जोमा उठला आणि बांधावर गेला. उघाडीपासून वीस पावलांवर, गवताच्या ठोंबाखाली त्याला एक बीळ दिसलं. हात घातला, तर हाताएवढी चिंबोरी. पदीनं कालवण केलं आणि मथीनं दोनदा भात मागून घेतला. जोमा दुसऱ्या दिवशी बीळ बुजवायला गेला, तर त्यात नवी चिंबोरी येऊन बसलेली! चांगलं बीळ कधी रिकामं राहत नाही, हे खाडीकाठच्या माणसाला ठाऊक असतं. जोमानं तीही काढली. बीळ बुजवलं नाही, गवताचा ठोंब पुन्हा त्यावर ओढला आणि मनात म्हटलं, उद्या बुजवीन.

असे तो दहा दिवस म्हणाला. दहा दिवसांत दहा चिंबोऱ्या निघाल्या आणि मथी अंगणात पळू लागली. अकरावी जेठी अवसेच्या आदल्या दिवशी निघाली. तेव्हा तरी त्यानं बिळात माती घालायची होती. पण अवसेची चिंबोरी मांसानं भरलेली असते, पुनवेची पोकळ असते, हेही खाडीकाठच्या माणसाला ठाऊक असतं. मग अवसेची एक खाऊ दे पोरीला, असं त्याला वाटलं. अवसेला चिंबोरी भरते तशी खाडीही भरते, हे जोमाइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मायेनं माणूस आंधळा होतो, आणि जोमाचे तर पायही आंधळे झाले होते.

अवसेचा दिवस पेरणीचा होता. मोड आलेलं भाताचं बी शेतात फेकायचं आणि शेवटची मूठ घरातल्या सर्वांत लहान लेकरानं फेकायची, अशी आमची रीत. मथी उघाडीजवळच्या तुकड्यात मूठ घट्ट धरून उभी होती. भर दुपारी उधाण बांधाच्या माथ्याला टेकलं आणि गवताच्या ठोंबाखालून पाण्याची धार सुटली. जोमानं ती पाहिली. तो ओरडला आणि धावला. पण तो पोचेपर्यंत बांधाचा वीस हात तुकडा आत बसला आणि खाडी शेतात घुसली.

बाकीची माणसं धडपडत बांधावर चढली. मथी लहान होती. जोमानं पाण्यात उडी टाकली आणि त्याच्या उजव्या हाताला तिची मूठ लागली. त्यानं ती आपल्या मुठीत धरली. पाण्यानं दोघांना गरगर फिरवलं. जोमा काठाला लागला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती आणि मथी तिथे नव्हती. संध्याकाळी ओहोटीला ती तिवरांच्या झाडीत सापडली. तिचा हात उघडा होता.

त्या दिवसापासून जोमाची उजवी मूठ उघडलीच नाही. वैद्यानं तेल चोळलं, भगतानं अंगारा लावला, चार गड्यांनी मिळून बोटं ओढली. बोट हाललं नाही. त्या मुठीत पोरीचा जीव आहे, असं लोक म्हणू लागले.

पण गावाला कारण लागतं. पायाला ठेच लागली तर दगडाचं नाव विचारणारं आमचं गाव! बांध फुटला कसा? फुटला उघाडीजवळ. उघाडीची नवी फळी त्याच साली बसवली होती, आणि ती केली होती धाकू सुतारानं. झालं. फळी आखूड पडली, फटीतून पाणी मुरलं, असं कुणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं झालं. धाकूला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्याला काम देणं थांबलं, पाणवठ्यावर त्याच्या बायकोशी बोलणं थांबलं. महिन्याभरात धाकूनं हत्यारांची पेटी डोक्यावर घेतली आणि तो बायकोला घेऊन होडीनं खाडीपल्याड गेला. जोमा दारात उभा राहून बघत होता. एक शब्द बोलला असता तर होडी परत फिरली असती. तो बोलला नाही.

तीन वर्षं गेली. बांधाला पडलेलं भगदाड, म्हणजे खांड, गावानं तीनदा भरली आणि तीनदा ती उधाणानं नेली. भाताच्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर आला. लोक खाडीत मिळेल ते मासे विकून धान्य आणू लागले. असंच चाललं असतं तर गाव उठलं असतं. खांड माणसाचा बळी मागते, असंही कुणी कुजबुजलं. अशा वेळी असं कुजबुजणारं कुणीतरी असतंच.

जोमा रोज खारजाईसमोर जाऊन बसायचा. ज्याची पोर गेली त्याला गावानं टाकलं नव्हतं. आज या घरची भाकरी, उद्या त्या घरची, अशी पाळी लावली होती. सुरुवातीला तो देवीला एकच म्हणायचा, "आई, मूठ उघड." देवी ऐकत नव्हती. मग तो तिच्याशी भांडला. मग रडला. मग शब्द संपले आणि तो नुसता डोळे मिटून बसू लागला.

समोर भरती यायची, ओहोटी जायची. हळूहळू त्याचा श्वास पाण्याबरोबर चालू लागला. पाणी चढताना आत, उतरताना बाहेर. त्याचा एक श्वास एका भरतीइतका लांब झाला होता, असं म्हणतात. बगळे त्याच्या खांद्यावर येऊन बसायचे. दूर तिवराच्या मुळाशी चिंबोरीनं माती उकरली तरी त्याला ऐकू यायचं. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी भरतीभर गप्प बसून पाहावं आणि मग माझ्याशी वाद घालावा.

एके दिवशी अशा बसण्यात त्याला रंध्याचा आवाज आला. सुतार फळी घासतो तसा, खर्र, खर्र. डोळे उघडले तर खाडी रिकामी. डोळे मिटले की पुन्हा तोच आवाज. पुढे म्हातारपणी जोमाबाबा सांगायचा, देवी मला काही बोलली नाही. एवढंच झालं, की तीन वर्षांत पहिल्यांदा माझं दुःख सोडून मला दुसऱ्या कुणाची आठवण झाली.

तो घरी आला. पदी चुलीपुढे बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि त्याला बोलता येईना. तेव्हा पदी म्हणाली, "मथीचे बा, मना ठावं हाय."

मथी गेल्यापासून तिनं त्याला या नावानं हाक मारली नव्हती.

"काय ठावं हाय?"

"खाडीतली चिंबोरी काले चिखलाची आसते. त्या अकराही चिंबोऱ्यांचे पायांना तांबडी माती व्हती. आपले बांधाची. मीच धुतल्या, मीच शिजवल्या."

"मंग तवाच का नाय बोललीस?"

पदीनं पदर तोंडाला लावला. "पोर जेवत व्हती ओ," ती म्हणाली. "ताटान भाताचं शीत ठेवत नव्हती. मीबी गप बसले."

तीन वर्षं एका छपराखाली दोघांनी एकच ओझं वेगवेगळं वाहिलं होतं. त्या दिवशी ती दोघं पहिल्यांदा एकमेकांना धरून रडली. मूठ तरीही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी जोमा होडीनं पल्याड गेला. धाकू सुतार एका परक्या गोठ्यात राहत होता. त्याच्यासमोर एक फळी होती आणि तो ती घासत होता. जोमानं बीळ, चिंबोऱ्या, अवस, सगळं सांगितलं. धाकूचा रंधा थांबला. मग त्यानं विचारलं, "म्हंजे माजी फळी बरोबर व्हती?"

"बरोबर व्हती."

"तीन वर्सां मी हीच फळी पुन्ना पुन्ना करून बघतंय," धाकू म्हणाला. "मापं तीच, लाकूड तेच. कुठं चुकलो, कुठं चुकलो, करीत. तुजी पोर माजे हातानं गेली म्हनून मना जेवन जात नाय, जोमा."

जोमानं त्याचे पाय धरले. धाकूनं ते सोडवून घेतले आणि तो आत गेला. त्या दिवशी तो बाहेर आला नाही. जोमा गोठ्याच्या दारात बसून राहिला. सकाळी धाकू पेटी डोक्यावर घेऊन आणि ती फळी काखेत मारून बाहेर आला आणि म्हणाला, "मना सांगून काय उपेग? गावाला सांग." क्षमा केली की नाही, ते तो बोलला नाही. होडीतही बोलला नाही.

ते गावात आले त्या दिवशी वैशाखी अवस होती. सकाळची ओहोटी होती आणि सगळं गाव खांडीपाशी मासे वेचत होतं. जोमा खांडीच्या मधोमध गुडघाभर चिखलात उभा राहिला आणि त्यानं मोठ्यानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. चिंबोऱ्या मोजून सांगितल्या. धाकूची होडी जाताना आपण दारात उभे होतो, तेही सांगितलं.

एका बाईनं चिखलाचा गोळा उचलला आणि जोमाला मारला. तिची दोन बिघे जमीन मिठानं गेली होती. गोळा त्याच्या छातीवर बसला आणि पायाशी पडला. मग दुसरा आला, तिसरा आला, मग मोजदाद राहिली नाही. ज्याच्या मनात तीन वर्षांचं जे होतं ते हातात आलं. शिव्याही होत्या, त्या मी सांगत नाही, लहान मुलं बसली आहेत. जोमा हालला नाही, मिटलेली मूठ छातीशी धरून उभा राहिला.

तेव्हा पदी खांडीत उतरली. जोमाच्या पायाशी पडलेला गोळा तिनं खांडीच्या तोंडात सरकवला आणि पायानं दाबला. "मनाबी ठावं व्हतं," ती लोकांना म्हणाली. "मनाबी मारा." आणि दुसरा गोळा उचलून दाबू लागली.

त्या पहिल्या बाईच्या हातात नवा गोळा तयार होता. हात वर गेला आणि तिथेच राहिला. ती म्हणाली, "मी त्या साली आंगन करायला बांधाची दोन टोपल्या माती नेली व्हती." आणि तिनं तो गोळा पदीच्या गोळ्यावर ठेवला. मागून एक म्हातारा म्हणाला, "माजी म्हस मी बांधावरच बांधायचो. खुरानं बांध खचायचा, मना दिसायचा." एक तरुण म्हणाला, "मी ओल बघितली व्हती. म्हटलं, जोमा बघंल." एकेक जण बोलत होता आणि एकेक गोळा खाली बसत होता. कुणी ठरवलं नव्हतं. शहाणा माणूस अवसेला खांड भरत नाही, त्या दिवशी पाणी सर्वांत उंच चढतं. पण तेव्हा शहाणपण कुणाला आठवलं नाही. शिव्यांचा बांध होता, बघता बघता गावाचा झाला.

भरती लागली. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. माणसांची रांग लागली, गोळे हातोहात येऊ लागले. धाकूनं उघाडीत शिरून काखेतली फळी बसवली. ती आत गेली आणि एक थेंब आला नाही. ते पाहून धाकू पाण्यातच मोठ्यानं हसला, असं म्हणतात. सूर्य डोक्यावर आला तेव्हा बांधाला हातभर खाच उरली होती आणि पाणी तिच्या ओठाला टेकलं होतं. धाकूनं सर्वांत मोठा गोळा उचलला. तो एका हातानं पेलणारा नव्हता. रांगेत पुढे जोमा होता.

"घे," धाकू म्हणाला.

जोमानं दोन्ही हात पुढे केले. दोन्ही तळवे वर होते. गोळा त्याच्या हातात आला, त्यानं तो खाचेत बसवला आणि वरून दाबला. मग सगळ्यांच्या आधी पदी ओरडली. जोमानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तळव्याच्या मधोमध, चामडीत रुतून बसलेले भाताचे पाच दाणे होते. मथीच्या मुठीतलं बी. पोर हातून सुटली, पण तिच्या मुठीतलं बी बापाच्या मुठीत राहिलं. तीन वर्षं घामावर आणि आसवांवर जगलेल्या त्या दाण्यांचे मोड हिरवे होते, असं म्हणतात.

पाणी बांधाच्या माथ्याखाली एक बोट थांबलं. तिथे घटकाभर राहिलं आणि मागे फिरलं.

पदीनं ते पाच दाणे खारजाईच्या पायाशी, मीठ फुटलेल्या मातीतच लावले. पाऊस येईपर्यंत गावातल्या प्रत्येक घरानं पाळीपाळीनं विहिरीचं गोडं पाणी घातलं. पाच लोंब्या आल्या. लोंब्यांची ओंजळ झाली, ओंजळीचं सूप, सुपाची कणगी. खाऱ्या जमिनीत तगणारा तांबूस भात होता तो. आजही गावात त्याला मथीचा भात म्हणतात.

जोमा पुन्हा बांधाचा राखणदार झाला आणि म्हातारा होऊन गेला. मथीची आठवण आली की तो शेवटपर्यंत रडायचा. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण ते आता दोन उघड्या हातांत होतं. लांबलांबची खचलेली माणसं त्याच्याकडे यायची. तो त्यांना औषध देत नसे. खारजाईसमोर बसवायचा, एक भरती आणि एक ओहोटी. मग त्यांच्या हातात चिखलाचा गोळा द्यायचा आणि म्हणायचा, "काय आसंल तं याला सांग, मंग बांधाला लाव." बरीचशी माणसं जाताना गावकऱ्यांच्या पंगतीला जेवून जायची.

तर मंडळी, तेव्हापासून वैशाखी अवसेला सकाळच्या ओहोटीला सगळा तिवरपाडा इथे येतो. पाण्याकडे तोंड करून सगळे गप्प बसतात. पाणी अंगठ्याला लागलं की प्रत्येक जण आपला गोळा तोंडाजवळ नेतो, त्याला काय सांगायचं ते सांगतो आणि बांधावर ठेवतो. मागचा माणूस तो पायानं दाबतो. आत काय आहे, ते विचारत नाही. वर्षाची पहिली चिंबोरी सुताराच्या घरी जाते. आणि पेरणीला शेवटची मूठ लहान लेकरू फेकतं तेव्हा बाप त्याचा दुसरा हात धरून उभा असतो.

या साली माझ्याही गोळ्यात काहीतरी होतं. चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, या वेळी सांगितलं. त्यावर कुणाचा पाय पडला ते मी वळून पाहिलं नाही. तुम्ही बसलाय ना, तिथेच कुठेतरी तो गोळा आहे. आणि बघा, भरती भरली आहे, तरी आत कोरडं आहे.